अकरा वाजता घरी कोण असतं?

पिल्लू आणायचं ठरलं की माणसं सगळ्यात आधी जात विचारतात. लॅब्रॅडोर बरा की बीगल? नर घ्यावा की मादी? केस फार गळतात का? कुत्र्यांशिवायचं घर मला फारसं ठाऊक नाही, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतात. उत्तर देण्याआधी मी एकच गोष्ट विचारते: कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता तुमच्या घरी कोण असतं?

अकराची वेळ मी मुद्दाम निवडते. सकाळची गडबड संपलेली असते, जो तो आपापल्या कामाला गेलेला असतो आणि संध्याकाळ अजून खूप लांब असते. पिल्लाबद्दल आपण जे जे मनात रंगवतो ते सगळं संध्याकाळचं किंवा सुट्टीच्या दिवसाचं असतं. पिल्लू मात्र अकरा वाजताही असतंच. त्याला शू लागलेली असते, भूक लागत आलेली असते, आणि कालपरवापर्यंत भावंडांच्या ढिगात झोपणारा तो जीव आयुष्यात पहिल्यांदा एकटा पडलेला असतो. त्या वेळी घरात कोणी असेल तर पुढच्या गोष्टी बोलायला अर्थ आहे. कोणीच नसेल, आणि तशी सोयही करता येण्यासारखी नसेल, तर जात कुठलीही घ्या, त्याने काही फरक पडत नाही.

पिल्लाच्या लघवीचं गणित सोपं आहे. जितके महिने वय, त्यात एक मिळवा. साधारण तितके तास ते जास्तीत जास्त कळ काढू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे फार तर तीन तास, तेही झोपलेलं असलं तर. जागं असताना आणि खेळताना अर्ध्यापाऊण तासातच त्याची वेळ येते. झोपेतून उठलं की शू, खाल्लं की थोड्या वेळाने शी. खेळता खेळता मध्येच थांबून जमीन हुंगत गोल फिरायला लागलं, की समजावं, आता उशीर करून चालणार नाही. अशा वेळी त्याला पटकन उचलून ठरलेल्या जागी नेणारे हात घरात हवेत. तिथे झालं की लगेच, तिथल्या तिथे कौतुक करायचं आणि खाऊचा बारीकसा तुकडा द्यायचा. हा खाऊ घरात परत आल्यावर दिला तर त्याला शूचा आणि खाऊचा संबंध लागत नाही. आत आलो म्हणून मिळालं, एवढंच ते शिकतं.

आणि फरशीवर झालंच तर? पुसून टाकायचं, बाकी काही नाही. पिल्लाचं नाक त्यात घासायची जुनी रीत अजूनही मोठ्या खात्रीने सांगितली जाते. मला ती ऐकवतसुद्धा नाही. त्यातून पिल्लू एकच धडा घेतं: या माणसांच्या समोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्याच्या मागे जाऊन करतं, आणि पट्टा लावून तासभर बाहेर फिरवलं तरी तुमच्यादेखत करत नाही. पुसायला अमोनियाचा वास असलेलं द्रावण वापरू नका. लघवीतही तोच वास असतो, त्यामुळे पिल्लाला ती जागा आपलीच वाटते. एन्झाइम असलेलं क्लीनर मिळतं, ते वास मुळापासून घालवतं.

रात्रीचंही असंच. 'रडू दे, दोन दिवसांत सवय होईल' हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. सवय होते हे खरं, पण कसली होते ते बघायला हवं. आईपासून तुटलेलं पिल्लू आवाज देतं, कारण आवाज दिल्यावर आई येते एवढं एकच साधन त्याच्यापाशी असतं. ते साधन निकामी झालं की ते गप्प होतं. त्याची भीती गेलेली नसते. पहिले काही आठवडे त्याचा क्रेट (दार असलेला झोपायचा पिंजरा) किंवा खोका आपल्या पलंगाशेजारी ठेवावा. रात्री ते चुळबुळलं तर नुसता हात खाली सोडला तरी पुरतं, आणि शूसाठी उठलं तर आपल्याला कळतं. एकटं राहायला शिकवणं हे वेगळं काम आहे आणि ते दिवसाउजेडी करायचं असतं. आधी दुसऱ्या खोलीत जाऊन लगेच परत यायचं, मग मिनिटभराने, मग पाच मिनिटांनी. रडण्याच्या आधी परत येणं हीच त्यातली खरी मेख. पहिल्याच आठवड्यात घराला कुलूप लावून आठ तास निघून जाणाऱ्यांच्या पिल्लांना पुढे एकटेपणाची जी धास्ती बसते, ती घालवायला कधी कधी वर्षं लागतात.

आता तासांकडून आठवड्यांकडे येते, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथे आहे आणि तीच नव्या माणसाला कोणी सांगत नाही.

पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, त्याच सुमारास किंवा त्यानंतर थोड्या दिवसांनी त्याला ऐकू येऊ लागतं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याचं मन जगासाठी उघडं असतं. या काळात जे जे त्याला दिसतं, ऐकू येतं, पायाखाली लागतं आणि त्रास न देता निघून जातं, ते ते 'जगात असतंच' या यादीत जातं. त्यानंतर भेटलेली नवी गोष्ट आधी संशयाच्या खात्यात जाते. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि एलियट या तिघांनी यावर एक प्रयोग केला होता, १९६१ साली तो प्रसिद्ध झाला. पिल्लं उंच कुंपणाच्या आवारात आईजवळ वाढवली, माणसाचा संबंध येऊ दिला नाही. मग वेगवेगळ्या पिल्लांना वेगवेगळ्या वयात एकेक आठवडा माणसांच्या सहवासात आणलं आणि पुन्हा आवारात सोडलं. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाही, ती पिल्लं जवळजवळ रानटी प्राण्यासारखी बुजरी निघाली आणि नंतर लळा लावायचा प्रयत्न करूनही त्यांची ती भीती फारशी गेली नाही. रक्त कुत्र्याचंच, हजारो वर्षं माणसाबरोबर राहिलेलं. पण ते नेमके आठवडे निघून गेले होते.

पिल्लू आठ आठवड्यांचं असताना तुमच्या घरी येतं असं धरा. म्हणजे मन उघडं असण्याच्या या काळातले जेमतेम महिना-दीड महिना तुमच्या हाती आहेत. आणि नेमक्या याच काळात डॉक्टर सांगतात, लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नका. इथे नवे मालक गोंधळतात, आणि ते साहजिक आहे, कारण दोन्ही बाजूंची भीती खरी आहे.

लसींचं कारण आधी समजून घेऊ. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून रोगाशी लढणारी प्रतिपिंडं मिळतात. ती पिल्लाला जपतात, पण लसही निष्प्रभ करतात. ती अंगातून नेमकी कधी संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. कुणात सहाव्या आठवड्यात, कुणात चौदाव्या. म्हणून डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिस या विषाणूजन्य रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा दिली जाते, आणि शेवटचा डोस १६ आठवडे किंवा त्यानंतर यावा लागतो. 'दोन इंजेक्शनं झाली, आता बास' असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते: शेवटचा डोस चुकला तर आधीचे वाया गेलेले असू शकतात. पार्व्हो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला, त्याआधी तो कुत्र्यांत माहीतही नव्हता. तो मातीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने मरतो. रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जाऊ शकतं. ज्या घरात पूर्वी पार्व्होने पिल्लू गेलं आहे, तिथे नवं पिल्लू आणण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलून घ्या.

तर मग चार भिंतींतच ठेवायचं का? नाही. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ साली स्पष्ट शब्दांत सांगितलं, की तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण संसर्गजन्य रोग नसून वर्तनाच्या समस्या आहेत. चावतो, अंगावर येतो, सांभाळता येत नाही म्हणून सोडून दिलेली, शेवटी कायमची झोपवलेली तरुण कुत्री. पहिला डोस आणि जंताचं औषध होऊन आठवडा उलटला की स्वच्छ, माहितीच्या जागी पिल्लाला इतर निरोगी, लस झालेल्या पिल्लांत नेता येतं असंही त्यांचं म्हणणं आहे. मध्यम मार्ग साधा आहे: पिल्लाचे पाय अनोळखी जमिनीला लागू द्यायचे नाहीत, पण डोळे, कान, नाक सगळीकडे न्यायचं. कडेवर घ्या, पिशवीत घ्या आणि रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहा. मोटारींचे आवाज, छत्री उघडणारा माणूस, काठी टेकत जाणाऱ्या आजी, हेल्मेट घातलेला चेहरा, शाळा सुटल्याचा गलका. घरात मिक्सर दुसऱ्या खोलीत सुरू करून त्याच वेळी पिल्लाला खाऊ द्या. नखं रोज हातात धरा, कान उचलून बघा, तोंड हळूच उघडा. पुढे दवाखान्यात याचा फार उपयोग होतो.

एक चूक मात्र मी अनेकांना करताना पाहते. पिल्लू 'माणसाळावं' म्हणून ते दहा जणांच्या हातात फिरवलं जातं. ते अंग चोरतं, तोंड फिरवतं, जांभया देतं, ओठ चाटतं. ही सगळी 'नको' म्हणण्याची त्याची भाषा आहे. लांबून बघायची आणि नको वाटलं तर मागे सरकायची मोकळीक असेल तरच ओळख होते. धरून ठेवून कुणाची भीती जात नाही.

आजारपणाचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्यांना एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रा. काळ सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा. कुत्रा माणसाबरोबर पुरल्याच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी हा एक. तो कुत्रा म्हणजे जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं. दातांवरच्या खुणांवरून संशोधकांनी २०१८ साली मांडलं, की त्याला साधारण पाच महिन्यांचं असताना डिस्टेंपर झाला असावा आणि त्यातून ते काही आठवडे तगलं. डिस्टेंपर झालेलं पिल्लू स्वतःचं स्वतः जगत नाही. त्याला ऊब लागते, पाणी पाजावं लागतं, उलटी-हगवण साफ करावी लागते. शिकारीला ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं, तरी त्या माणसांनी त्याचं सगळं केलं. त्यांच्याकडे लस नव्हती. आपल्याकडे आहे, आणि आपण तारीख विसरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जंतांबद्दल थोडक्यात. गोलकृमी पिल्लाला आईच्या पोटातूनच मिळतात, त्यामुळे स्वच्छ घरातलं, गुबगुबीत दिसणारं पिल्लूही जंताचं असू शकतं. औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू व्हायला हवं. घरात रांगतं मूल असेल तर याकडे अजिबात दुर्लक्ष करू नका, ते कृमी माणसालाही त्रास देतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर आणि मग वर्षभराने पुन्हा. नाव-गाव माहीत नसलेल्या पिल्लाचा दात किंवा नख लागून रक्त आलं, तर 'पिल्लूच तर आहे' म्हणू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ काहीच हातात राहत नाही.

पिल्लू कुठून आणायचं, यावर माझं मत ठाम आहे. आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नये. आई कशी आहे, अनोळखी माणूस आल्यावर घाबरते का, तिची जागा स्वच्छ आहे का, हे दहा मिनिटांत दिसतं आणि पिल्लाबद्दल निम्मं तिथेच कळतं. 'आई दुसरीकडे आहे', 'आत्ता दाखवता येणार नाही', 'आम्हीच तुम्हाला रस्त्यात आणून देतो' असं कुणी म्हणालं तर परत फिरावं. पिल्लू कितीही गोड असलं तरी, आणि 'निदान या एकाला तरी इथून सोडवू' असं वाटलं तरी. त्या एकाच्या पैशांवर त्याच्या आईचं पुढचं वेत निघतं. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालची पिल्लं मधल्या विक्रेत्यांनी विकायला बंदी आहे ती याचसाठी. कायदा असो वा नसो, ही अट आपली आपण घालून घेता येते. निवाऱ्यातून दत्तक घेत असाल तर आई दिसेलच असं नाही. तिथे पिल्लू कुठे सापडलं, भावंडं होती का, किती दिवस माणसांत आहे, हे मोकळेपणाने विचारावं.

वयही बघा. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. महिन्या-सव्वा महिन्याचं पिल्लू 'लवकर लळा लागतो' म्हणून देतात, पण चावण्याचा जोर आवरायला पिल्लू त्याच आठवड्यांत शिकतं. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबतो. आईला दूध पिताना दात लागला की ती उठून जाते. हा धडा घेऊन आलेलं पिल्लू आणि न घेता आलेलं पिल्लू यांतला फरक तुमच्या हातांना कळतो. आणि दोन पिल्लं एकदम आणू नका. एकमेकांना सोबत होईल हा विचार चांगला आहे, पण ती एकमेकांचीच होतात, तुमचा आवाज त्यांच्या कानावर पडून जातो.

जातीबद्दल बोलायचं राहिलंच. २०२२ साली १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या माहितीवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक दिसतो, त्यातला केवळ ९ टक्क्यांच्या आसपास भाग जातीने सांगता येतो, असं त्यात निघालं. म्हणजे 'या जातीची कुत्री मुलांशी छानच वागतात' या वाक्याच्या भरवशावर मूल आणि कुत्रा खोलीत एकटे सोडू नयेत. शरीराबद्दल मात्र जात बरंच सांगते. लॅब्रॅडोरपैकी जवळपास चौथ्या हिश्शात भूक न शमवणारा एक जनुकीय बदल असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं; तो सतत मागतो म्हणून देत राहिलात तर सांधे धरतात. पग, बुलडॉग यांचे चपटे चेहरे आपल्याला बाळासारखे वाटतात, पण त्या चेहऱ्यात श्वासाची वाट अरुंद झालेली असते. कुत्रा अंगाला घाम आणून गार होत नाही, धापा टाकून होतो. ज्याला धापच नीट टाकता येत नाही, त्याला उन्हाळ्याच्या दुपारी काय होत असेल? ज्या पिल्लाच्या घोरण्याला आपण हसतो, त्याला बहुतेक वेळा हवा पुरत नसते. मी चपट्या नाकाचं पिल्लू कुणालाच सुचवत नाही. मोठ्या अंगाच्या जातींची हाडं दीड-दोन वर्षांपर्यंत वाढत असतात. त्यांना वरून कॅल्शियमचं औषध पाजणं उलट घातक ठरतं, आणि जिन्यावरून उड्या मारायला लावणंही.

साधारण चौथ्या महिन्यात दुधाचे २८ दात पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत पक्के ४२ येतात. या मधल्या काळात घरातली प्रत्येक वस्तू चावून बघितली जाणार, हे धरूनच चला. चपला, चार्जरच्या तारा, टेबलाचे पाय. उचलता येतं ते उचलून ठेवा, उरलेल्या वेळी त्याच्या तोंडात चावायचं खेळणं द्या. हात हे खेळणं नव्हे हे पहिल्या दिवसापासून पाळा. आज हाताशी झोंबाझोंबी गोड वाटते, सहा महिन्यांनी वाटणार नाही. दात लागला की खेळ थांबवून, काही न बोलता उठून जायचं. आणखी एक: संध्याकाळी वेड्यासारखं पळत सुटलेलं, दिसेल त्याला चावणारं पिल्लू बहुतेकदा दमलेलं असतं. लहान पिल्लाला दिवसातली १८ तासांच्या आसपास झोप लागते, आणि मुलांच्या घरात ती त्याला कोणी मिळू देत नाही. झोपलेल्या आणि खाणाऱ्या पिल्लाला हात लावायचा नाही, हा नियम मुलांना पिल्लू येण्याच्या आधी सांगून ठेवा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगम, आणि आपली पॅरासिटामॉल-आयब्युप्रोफेन ही औषधं हे सगळं त्याच्यासाठी विष आहे. जमिनीवर पडलेली एक गोळीसुद्धा.

'त्याला धाकात ठेवा, नाहीतर डोक्यावर बसेल,' असं सांगणारे भेटतीलच. कळपातला एक म्होरक्या सगळ्यांना दाबून ठेवतो ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणातून पसरली. ते एकमेकांना परके लांडगे एका आवारात कोंडलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी आधी हीच कल्पना लोकप्रिय केली, आणि पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. स्वतःच्याच नावावर खपलेली समजूत त्यांनी जाहीरपणे मागे घेतली. पिल्लाला पालथं पाडून दाबून धरणारे मात्र अजून तिथेच आहेत. 'चूक केल्यावर त्याचा चेहराच सांगतो' हेही तसंच. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली दाखवलं, की तो अपराधी चेहरा कुत्र्याने चूक केली की नाही यावर ठरत नाही, मालक रागावतो की नाही यावर ठरतो. कान पाडलेलं, अंग चोरलेलं पिल्लू 'मला कळलं' असं म्हणत नसतं. तुम्हाला घाबरलेलं असतं.

एवढं सगळं निभावून, पिल्लू शहाणं झालं असं वाटू लागतं तेव्हा आठवा महिना उजाडतो. 'बस' म्हटलं की बसणारं पिल्लू तुमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करतं. २०२० साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की आठ महिन्यांची कुत्री आपल्याच माणसाचं पाच महिन्यांच्या वयापेक्षा कमी ऐकतात, पण परक्याने सांगितलेलं ऐकतात. वयात येणाऱ्या मुलांचं जे होतं, तेच. वर्षाच्या आसपास ते पुन्हा ऐकू लागतात. मधले हे महिने घरं सुटण्याचे महिने आहेत. निवाऱ्यात येणाऱ्या कुत्र्यांत या वयाची कुत्री फार दिसतात, आणि त्यांच्या माणसांनी आणखी थोडा धीर धरला असता तर, असं दर वेळी मनात येतं. तुम्ही पिल्लू आणाल तेव्हा हा आठवा महिना आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या काळात शिक्षा वाढवायची नाही, पट्टा सोडायचा नाही, आणि सोप्या गोष्टी पुन्हा पहिल्यापासून, खाऊ देऊन शिकवायच्या.

मग पुढची दहा-बारा वर्षं. लहान अंगाची कुत्री त्याहून जास्त जगतात, ग्रेट डेनसारखी अवाढव्य कुत्री त्याहून बरीच कमी. मुलासाठी पिल्लू आणणाऱ्यांना मी मुलाचं वय विचारते आणि त्यात बारा मिळवायला सांगते. दहा वर्षांचा मुलगा बावीसचा झालेला असेल, बहुधा घराबाहेर पडलेला असेल. 'मी रोज फिरवीन' हे त्याचं वचन खरंच मनापासूनचं असतं, पण त्यावर एका जिवाचा संसार उभा करू नये. पिल्लू हे घरातल्या मोठ्या माणसाचंच असतं. ते माणूस आनंदाने तयार असेल तरच आणावं. घरात कुणी कुत्र्याला घाबरत असेल तर त्यांची समजूत काढण्याऐवजी त्यांचं म्हणणं ऐकावं. आणि पिल्लाची किंमत हा खर्चातला सगळ्यात लहान आकडा असतो, हे पहिल्याच वर्षी लक्षात येतं.

हे सगळं ऐकून काही जण म्हणतात, मग आत्ता नकोच. मला ते ऐकून बरं वाटतं. त्यांना मी दुसरी वाट सांगते: निवाऱ्यातलं तीन-चार वर्षांचं कुत्रं. त्याचा स्वभाव घडलेला असतो, तो समोर दिसतो. त्याला कळ काढता येते, रात्रभर झोपता येतं. दोन-चारदा भेटून, फिरायला नेऊन मग ठरवता येतं. लळा लागायला पिल्लूच हवं हा समज खरा नाही. आमच्याकडे मोठेपणी आलेली कुत्री आहे आणि मी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेले तरी ती उठून मागे येते.

आणि ज्यांचं अजूनही 'हो' आहे, त्यांनी पिल्लू सकाळी आणावं, म्हणजे रात्र पडेपर्यंत घराचा वास त्याच्या ओळखीचा होतो. आईच्या आणि भावंडांच्या अंगाखालचं एक फडकं मागून घ्या, न धुता. घरी पोचल्यावर आधी शूच्या जागी, मग एकाच खोलीत, पहिले काही दिवस पाहुण्यांशिवाय. तिथे जे खात होतं तेच इथे द्या, बदलायचं असेल तर आठवडाभर थोडं थोडं मिसळत बदला. पहिले निदान दोन आठवडे घरात कुणीतरी सुट्टी काढलेली असावी. दवाखान्याची पहिली फेरी सुईविना होऊ द्या. नुसतं वजन, दोन हात अंगावरून आणि भरपूर खाऊ. डॉक्टर मात्र पिल्लाच्या आधी ठरवा, त्यांना भेटून लसींच्या तारखा समजून घ्या, आणि रात्री-अपरात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता हे विचारून त्याचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकून ठेवा.